दोष दाबाचा की तारेचा?

जड वाहनांच्या डिझेल इंजिनातला प्रेशर सेन्सर ईसीयूला (इंजिनाच्या नियंत्रण संगणकाला) दाब कळवत नाही, व्होल्टेज कळवतो. बहुतेक सेन्सरना तीन तारा असतात: ईसीयूकडून येणारे ५ व्होल्ट, अर्थ आणि सिग्नल. दाबाप्रमाणे सिग्नल साधारण ०.५ ते ४.५ व्होल्टच्या दरम्यान हलतो. तो शून्याला टेकला किंवा पाचाला जाऊन चिकटला, की ईसीयू तो आकडा ग्राह्य धरत नाही. सर्किटमध्ये बिघाड अशी नोंद करून दिवा लावतो आणि बऱ्याचदा इंजिनाची ताकदही उतरवतो. भरलेला ट्रक चढावर दम टाकू लागतो आणि आळ येतो डिझेल पंपावर.

बंगळुरूच्या चिकपेटेजवळ जे. सी. रोडवर सुट्या भागांची दुकाने ओळीने आहेत. सेन्सर हाकेच्या अंतरावर मिळत असला, की आधी तोच बदलून पाहायचा मोह होतो. याच शहरातल्या, १९५१ साली स्थापन झालेल्या मायकोचे (आताची बॉश) पंप देशभरच्या ट्रकांवर बसले. त्या यांत्रिक पंपांच्या काळात मेस्त्रीचा कान बरेच काही सांगून जाई. आताच्या कॉमन रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीत) १६०० बार किंवा त्याहून जास्त दाब असतो, आणि तुटलेली तार कानाला ऐकू येत नाही.

स्कॅनरवरचा कोड नीट वाचला तर निम्मे काम होते. जड वाहनांत एसपीएन (घटकाचा क्रमांक) १५७ म्हणजे रेलचा दाब. त्याच्यापुढे एफएमआय (बिघाडाचा प्रकार) ३ असेल तर सिग्नलचे व्होल्टेज फार जास्त, ४ असेल तर फार कमी. दोन्ही खुणा सर्किटच्या. ० किंवा १ दिसला तर सिग्नल शाबूत आहे, दाबच बिघडला आहे; अशा वेळी वायरिंग उसवण्यात अर्थ नाही.

मग चावी चालू, इंजिन बंद ठेवून आकडे पाहतात. पुरेसा वेळ बंद असलेल्या इंजिनात रेलचा दाब शून्याजवळ हवा. इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा बूस्ट सेन्सर मात्र बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. बंगळुरू समुद्रसपाटीपासून ९०० मीटरांवर आहे, त्यामुळे तिथे सुमारे ९१ किलोपास्कल दिसले तर सेन्सर ठीकच आहे. मुंबईचे १०१ डोक्यात ठेवणारा इथे चांगला सेन्सर फेकून देईल.

यानंतर सेन्सरचा कपलर काढायचा. अनेक ईसीयूंत सिग्नलची तार मोकळी सोडली की व्होल्टेज वर जाते. ‘कमी’चा कोड जाऊन ‘जास्त’चा आला, तर सिग्नलची तार अर्थला लागलेली नाही आणि संशय सेन्सरवर येतो. ‘कमी’ तसाच राहिला तर शॉर्ट हार्नेसमध्ये (तारांच्या जुडग्यात) किंवा ईसीयूत. काही कंपन्यांची मांडणी याच्या उलट असते, म्हणून त्या इंजिनाची सर्किट आकृती समोर हवी.

एकाच वेळी तीन-चार सेन्सरचे कोड आले, तर ते सगळे एकदम मेलेले नसतात. ५ व्होल्टची तार त्यांच्यात सामाईक असते आणि एक शॉर्ट झाला की बाकीच्यांना घेऊन बुडतो. एकेक कपलर काढत जावे; ज्याच्यापाशी ५ व्होल्ट परत येतात, तो सेन्सर दोषी.

अर्थच्या बाबतीत ओहम मोजून फसगत होते. एकच धागा शिल्लक असलेली तारही शून्याजवळ ओहम दाखवते. सर्किट चालू ठेवून व्होल्टेज ड्रॉप मोजला की ती उघडी पडते. हार्नेस ब्रॅकेटवर घासतो तिथे वेष्टन झिजून तांबे दिसते, कपलरमध्ये पाणी शिरले की पिनांवर हिरवा थर चढतो. सुईने वेष्टन टोचून मोजण्याची सवय वाईटच: त्याच भोकातून पाणी शिरते.

रेलवरचा सेन्सर इंजिन चालू असताना कधीही सैल करू नये. त्या दाबाची डिझेलची धार कातडी भेदून आत जाते. इंजिन बंद करून कंपनीने सांगितलेला वेळ थांबावे आणि स्कॅनरवर दाब उतरल्याचे पाहूनच पाना लावावा. दुरुस्तीनंतर कोड पुसून गाडी भार घालून चढावर चालवतात. सुटत-जुळत राहणारी तार जागेवर उभ्या इंजिनात सहसा सापडत नाही.