खुर्ची, ब्लेड आणि वही: सलूनच्या धंद्यातले काही गैरसमज

नवं सलून टाकणारा तरुण बहुतेक वेळा पहिला पैसा आरशांवर आणि एसीवर घालतो, दुसरा चौकातल्या फ्लेक्सवर. फ्लेक्सवर ‘कटिंगवर 20 टक्के सूट’ हे ठरलेलं. सूट दिली की गिऱ्हाईक वाढतं आणि गिऱ्हाईक वाढलं की गल्ला भरतो, हा या धंद्यातला सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज आहे. तो कागदावर मांडून पाहू.

समजा कटिंगचा दर 100 रुपये आहे. कारागीर निम्म्यावर असेल तर 50 त्याचे. ब्लेड, पावडर, टॉवेलची धुलाई, वीज मिळून 10 धरा. मालकाकडे 40 उरले, आणि भाडं अजून त्यातूनच जायचं आहे. आता दर 80 केला. कारागिराचे 40, सामानाचे तेच 10, मालकाला 30. आधी तीन गिऱ्हाइकांत सुटणारे 120 रुपये सुटायला आता चार हवीत. कारागीर म्हणाला, “सूट तुमची, मला पूर्ण दराचे पन्नास द्या,” आणि त्याचं म्हणणं रास्त आहे, तर मालकाला 20 उरतात. म्हणजे तेवढ्याच पैशाला दुप्पट काम. रविवारी सकाळी बाकावर माणसं ताटकळत असताना ही सूट देण्यात काहीच अर्थ नाही. मंगळवार, गुरुवार, शनिवार पाळणारी घरं अजून पुष्कळ आहेत. श्रावणात तर अनेकांची दाढीही थांबते. खुर्ची रिकामी राहते ती तेव्हा. वार न पाळणाऱ्यांना, कॉलेजच्या पोरांना सूट द्यायचीच तर त्या दुपारांपुरती द्या.

खरी कमाई परत येणाऱ्या माणसात असते. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे आखूड कटिंगचा आकार तीन-चार आठवड्यांत बिघडतो. दर चार आठवड्यांनी येणारं गिऱ्हाईक वर्षात 13 वेळा खुर्चीत बसतं, सहा आठवड्यांनी येणारं आठ-नऊ वेळा. बलुतेदारीत न्हाव्याची घरं ठरलेली असत आणि सुगीला धान्य मिळे. आज एकही घर ठरलेलं नाही, ते दर महिन्याला नव्याने जोडावं लागतं.

ते तुटतं बहुधा स्वच्छतेवरून, आणि तिथे दुसरा मोठा गैरसमज आहे: नवं ब्लेड लावलं की झालं. नवं ब्लेड हवंच. पण वस्तऱ्याची मूठ, ट्रिमरचं पातं, एकाच्या मानेवरून दुसऱ्याच्या मानेवर जाणारा टॉवेल, यांचं काय? हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात, शरीराबाहेर, किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. न धुतलेल्या ट्रिमरमधून नायटा पसरू शकतो. आणि तुरटी! दाढीनंतर तोच खडा दिवसभर प्रत्येकाच्या ओरखड्यावर फिरतो. तुरटीने रक्त थांबतं, पण खडा त्यामुळे निर्जंतुक होत नाही. सकाळी कालवलेलं जंतुनाशकाचं गढूळ पाणीही संध्याकाळपर्यंत उपयोगाचं राहत नाही. अवजारावरचे केस आधी झाडून ते धुवायचं, मग ताज्या द्रावणात बाटलीवर लिहिलेल्या वेळेइतकं ठेवायचं. धातूची कात्री, कंगवा वीस मिनिटं उकळता येतात. ट्रिमरचं पातं दर गिऱ्हाइकानंतर पुसायचं. तुरटीचं पाणी कापसाने लावा आणि कापूस टाकून द्या. हे सगळं गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर करा. समोर फाडलेलं ब्लेडचं वेष्टन जेवढा विश्वास देतं, तेवढा कुठलाही फ्लेक्स देत नाही, असं माझं ठाम मत आहे.

जाहिरातीबद्दल आणखी एक. ‘गूगलवर दुकान वर आणून देतो, इतके हजार भरा’ असे फोन दुकानदारांना येतात. गूगल मॅप्सवर दुकानाची नोंद फुकट होते, स्वतःच्या मोबाइलवरून करता येते. वेळ खरी लिहा, सुट्टीचा वार लिहा, फोटो स्वतःच्याच दुकानाचे टाका. चांगला अभिप्राय लिहिला तर दाढी फुकट, असलं काही करू नका. पैसे किंवा सवलत देऊन अभिप्राय मिळवणं गूगलच्या नियमांविरुद्ध आहे.

सोमवारी बंद ठेवणं कायद्याने सक्तीचं आहे, असं अनेकांना वाटतं. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार दुकान वर्षाचे 365 दिवस चालू ठेवता येतं. अट एवढीच, की प्रत्येक कामगाराला आठवड्याची सुट्टी मिळाली पाहिजे. सोमवार ही व्यवसायाने स्वतः पाळलेली रीत आहे, आणि रविवारभर उभं राहिलेल्या पायांसाठी ती चांगली आहे.

जीएसटीची भीतीही नाहक. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असलेल्या सलूनला सहसा नोंदणीच लागत नाही, आणि नोंदणी नसेल तर गिऱ्हाइकाकडून हा कर घेताही येत नाही. नोंदणी असलेल्यांसाठी दर 22 सप्टेंबर 2025 पासून 18 वरून 5 टक्क्यांवर आला, मात्र त्यांना खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नाही.

भांडवलाचंही तसंच. तारण नाही म्हणून कर्ज नाही, असं समजून कित्येकजण सावकाराकडे जातात. मुद्रा योजनेतल्या शिशु गटात 50 हजारांपर्यंत कर्ज विनातारण मिळतं. सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 व्यवसाय आहेत, त्यात केशकर्तन आहे. अवजारांसाठी 15 हजारांपर्यंत मदत, आणि 5 टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात एक लाख, दुसऱ्यात दोन लाखांपर्यंत कर्ज. ही योजना एकाच जातीची आहे, हा समज चुकीचा. निकष हाताने केलेल्या कामाचा आहे.

मात्र कर्ज काढून तिसरी खुर्ची घेण्याआधी एक वही घ्या. येणाऱ्याचं नाव, तारीख आणि केलेलं काम रोज लिहा. तीन महिन्यांनी पानं उलटून पाहा, कोण परत आलं आणि कोण आलं नाही. जे आले नाहीत, त्यांना आधी फोन करा.