विकीच्या पोटात गिट

बहुतेक विकींचा मजकूर, जुन्या आवृत्त्यांसकट, सर्व्हरवरच्या डेटाबेसमध्ये असतो, विकिपीडियाचाही तसाच. सर्व्हर बंद पडला की वाचन आणि संपादन दोन्ही थांबतं. जोई हेस यांच्या इकीविकी या विकी-सॉफ्टवेअरने 2006 पासून वेगळी वाट धरली. तिथे पान म्हणजे एक साधी मजकुराची फाइल, आणि तिचा इतिहास सांभाळायचं काम गिटसारख्या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीकडे. ब्राउझरमधून कुणी दुरुस्ती केली, की तिची नोंद गिटमध्ये होते. उलट बाजूनेही हे चालतं. अख्खी विकी लॅपटॉपवर उतरवून घ्यायची, प्रवासात इंटरनेटशिवाय चार पानं सुधारायची आणि नंतर बदल परत पाठवायचे. ते पोचताच सर्व्हरवर गिटचा हुक (आपोआप चालणारी छोटी स्क्रिप्ट) चालतो आणि पानं नव्याने तयार होतात. गिटहबवरच्या विकीही आतून गिट रेपॉझिटरीच आहेत, हे त्या रोज वापरणाऱ्या अनेकांच्या गावीही नसतं!

दोघांनी एकच ओळ बदलली, की मात्र घोडं अडतं. एरवीचे बदल गिट मुकाट्याने जुळवतं. इथे माणसालाच निवड करावी लागते, आणि प्रोग्रामर नसलेला लेखक गिटने फाइलमध्ये घातलेल्या तंट्याच्या खुणा पाहून गांगरतो. त्यामुळे सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका लिहिणाऱ्या छोट्या गटाला ही सोय उत्तम. हजारो अनोळखी लेखकांच्या ज्ञानकोशाला डेटाबेसच बरा.