भारतातील दारिद्र्याच्या प्रादेशिक विषमतेचे मापन

देशातील राज्ये, जिल्हे किंवा तालुके यांच्यात दारिद्र्य व सामाजिक वंचितता किती असमान पसरली आहे हे ठरवण्याच्या पद्धतींना प्रादेशिक विषमतेचे मापन असे म्हणतात. मोजायचे काय आणि किती लहान प्रदेश एकक मानायचा, हे यातील दोन मूलभूत प्रश्न होत. त्यांची उत्तरे बदलली की 'मागास' ठरणारा प्रदेशही बदलतो, आणि त्याबरोबर शासकीय निधीची दिशाही.

खर्च आणि वंचितता

वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांनी १९७१ साली पुरेशा उष्मांकांच्या आहारास लागणारा खर्च आधारभूत धरून भारतातील दारिद्र्याचा अंदाज मांडला. पुढील अनेक वर्षे दारिद्र्याचे माप मुख्यतः कुटुंबाच्या खर्चावरच बेतलेले राहिले. तेंडुलकर समितीच्या पद्धतीनुसार २०११-१२ मध्ये देशातील २१.९ टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली होते. राज्यांमध्ये छत्तीसगड (३९.९३ टक्के) सर्वांत गरीब ठरले, बिहारचे प्रमाण ३३.७४ टक्के होते. गरिबांची संख्या मात्र उत्तर प्रदेशात सर्वाधिक होती. प्रमाण पाहावे की संख्या, हा निवडही निष्पाप नाही.

निती आयोगाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या बहुआयामी दारिद्र्य निर्देशांकात खर्च मोजलेला नाही. आरोग्य, शिक्षण व राहणीमान यांना समान भार देऊन त्यांखाली बारा निर्देशक घेतले आहेत. एकूण भाराच्या एक तृतीयांश किंवा त्याहून अधिक वंचितता असलेले कुटुंब गरीब मानतात. घरात एखादी व्यक्ती कुपोषित असेल (भार १/६) आणि दहा वर्षांवरील कोणीही सहा वर्षांचे शालेय शिक्षण पूर्ण केले नसेल (भार १/६), तर ते कुटुंब गरीब ठरते. उलट शौचालय, वीज, पिण्याचे पाणी, इंधन, घर, मालमत्ता व बँक खाते या सातही गोष्टी नसल्या तरच केवळ राहणीमानाच्या बळावर ती मर्यादा गाठली जाते; कारण यांपैकी प्रत्येकाचा भार १/२१ एवढाच आहे. २०१५-१६ च्या पाहणीवर आधारलेल्या या निर्देशांकात बिहार ५१.९१ टक्क्यांसह पहिला आला, तर छत्तीसगडचे प्रमाण २९.९१ टक्के आले. वर्षे व पद्धती भिन्न असल्याने या आकड्यांची आधीच्या आकड्यांशी थेट तुलना करता येत नाही. क्रमातील उलथापालथ मात्र लक्षणीय आहे.

सरासरीआडचा जिल्हा

राज्याची सरासरी पुष्कळ काही झाकते. याच अहवालात महाराष्ट्राचे प्रमाण १४.८५ टक्के, म्हणजे देशाच्या २५.०१ टक्क्यांहून बरेच कमी होते. पण आदिवासीबहुल नंदुरबार जिल्ह्यात ते राज्याच्या सरासरीच्या तिपटीहून अधिक होते. उपभोग खर्चाच्या पाहणीतील नमुना राज्यपातळीसाठी पुरेसा असला तरी जिल्ह्यासाठी अपुरा पडतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत जिल्हावार अंदाज मिळाल्यामुळे हे चित्र दिसू शकले.

अनुशेष

महाराष्ट्राने याहून वेगळे माप वापरले. दांडेकर यांच्याच अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ साली सिंचन, रस्ते, शिक्षण, आरोग्य इत्यादी क्षेत्रांत राज्याची सरासरी हा निकष धरला आणि त्याखालील जिल्ह्यांना तिथवर आणण्याचा खर्च काढला. यालाच 'अनुशेष' म्हणतात. तो सुमारे ३,१८७ कोटी रुपये भरला. विदर्भाचा वाटा ३९.१२ टक्के, मराठवाड्याचा २३.५६ टक्के आणि उर्वरित महाराष्ट्राचा ३७.३२ टक्के होता.

या पद्धतीत सुविधा मोजल्या जातात, माणसे नव्हेत. रस्त्याची लांबी भरून निघाली तरी पाड्यावरचे मूल कुपोषित राहू शकते. शिवाय राज्याची सरासरीच तोकडी असेल, तर अनुशेष शून्यावर येऊनही गरज भागलेली नसते. विजय केळकर समितीने २०१३ च्या अहवालात जिल्ह्याऐवजी तालुका हे एकक सुचवले. मात्र तालुक्यापर्यंत उतरणारी लोकसंख्येची माहिती प्रामुख्याने जनगणनेतून मिळते, आणि २०११ नंतरची जनगणना २०२१ मध्ये होऊ शकली नाही.