मिरचीतले भांडवल : कोणते स्थिर, कोणते खेळते?

धावडा (ता. भोकरदन, जि. जालना) हा मिरचीचा पट्टा. इथल्या वावरातली विहीर, मोटार, ठिबकच्या नळ्या हे स्थिर भांडवल. वर्षानुवर्षे राबते, थोडे थोडे झिजते. रोपे, खत, फवारणी, तोडणीची मजुरी हे खेळते भांडवल. एका हंगामात मातीत जाते आणि माल विकला की रोख होऊन परत येते. अ‍ॅडम स्मिथने 1776 मध्ये हाच भेद मांडला होता.

भेद वस्तूत नसतो, वापरात असतो. ट्रॅक्टर शेतकऱ्याकडे स्थिर, पण विक्रेत्याच्या दुकानात तोच खेळता माल. कंपनी कायदा 2013 नुसार साधारण 12 महिन्यांत किंवा व्यवसायाच्या एका चक्रात रोख होणारी मालमत्ता ‘चालू’, म्हणजे खेळती, ठरते.

पैसा किती काळात परत येतो, बँकही हेच पाहते. मिरचीसाठी पीककर्ज, विहिरीसाठी मुदत कर्ज. पीककर्जाच्या पैशातून विहीर खोदणे फार धोक्याचे: परतफेडीची मुदत हंगामाअखेर दारात येते, विहीर मात्र पैसे सावकाश परत करते. किती घरे यातच अडकतात!