उजनीच्या आधीचा पाट

टेंभुर्णीकडच्या उसाला पाणी मिळतं ते उजनीचं. भीमेवरचं हे धरण १९८० साली पुरं झालं आणि पर्जन्यछायेतल्या माढ्याच्या शिवाराचं रूप पालटलं. पण या खोऱ्यात नदीचं पाणी वळवायला माणूस शिकला तो तीन हजार वर्षांपूर्वी. त्याचा पुरावा वरच्या अंगाला, शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला आहे. घोडचं पाणी भीमेला मिळून उजनीतच उतरतं.

१९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने इथे उत्खनन केलं. हसमुख सांकळिया, मधुकर ढवळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातलं शेतकऱ्यांचं गाव सापडलं. कुडाच्या भिंतींची चौकोनी घरं ओळीने मांडलेली, मधून दीडेक मीटरची बोळ. कुंभार, सोनार असे कारागीर पश्चिमेच्या कडेला. मध्यभागी पाच खोल्यांचं प्रमुखाचं घर आणि त्याला लागून धान्याचं कोठार.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो पाट. पुराचं पाणी त्यात वळवत. रुंदी चार मीटर, खोली साडेतीन. बाजू सरळ धरल्या तर दर मीटरमागे चौदा घनमीटर माती उपसावी लागली असणार, तीही लोखंड येण्याआधी! शेजारी दगड-चिखलाचा सुमारे २४० मीटर लांबीचा बांध. हे एका घराचं काम नव्हे. कुणीतरी माणसं जमवली, त्यांच्या पोटाची सोय केली. कोठार प्रमुखाच्या दाराशी का, याचं उत्तर मला इथेच दिसतं. जव हे मुख्य पीक. पण थंडीतल्या गव्हाला पाणी जास्त लागतं, आणि तोही इथे पिकत होता.

पेरूच्या वाळवंटातल्या चान चान या चिमू राजधानीत, पुढे दोन हजार वर्षांनी, हीच सांगड भव्य प्रमाणावर दिसते. पाणी आणायला दुसऱ्या खोऱ्यातून कित्येक किलोमीटरचा कालवा काढायला घेतला होता, आणि मातीच्या उंच भिंतींआड, राजवाड्यांच्या आवारात, कोठारांच्या रांगा होत्या.

इनामगावला इ.स.पू. १००० नंतर दिवस पालटले. ढवळीकरांनी त्याचं कारण वाढत्या कोरड्या हवामानात शोधलं. ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. शेतीचा आधार तुटत गेला, शेळ्यामेंढ्या आणि शिकारीवर भिस्त वाढली. इ.स.पू. ७०० च्या सुमारास गाव उठलं.