गाडी कधी तापते?

‘गाडी तापते’ असं कुणी म्हटलं की मी आधी विचारतो, कधी? चढावर की सिग्नलला? रिकामी असताना की भरल्यावर? सुरू केल्या केल्या की तासाभरानं? निम्मं निदान या उत्तरांत असतं. उभ्या गाडीत काटा चढतो आणि वेग घेतला की उतरतो, तर संशय पंख्याकडे जातो. बेल्ट सैल असेल, पंख्याचा क्लच घसरत असेल किंवा रेडिएटरच्या जाळीत बाहेरून धूळ-किडे बसून हवा अडत असेल. थंड इंजिन सुरू करताच काटा झपाट्यानं वर गेला, तर पाणी फिरतच नाहीये. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असेल किंवा पंप गेला असेल. पाणी रोज कमी होतंय, पण गाडीखाली एकही थेंब नाही, अशा वेळी हेड गॅस्केटकडे बघावं लागतं.

शेतमालासाठी घेतलेल्या माझ्या जुन्या चार सिलिंडरच्या डिझेल ट्रकचं उत्तर यातल्या कशातच बसत नव्हतं. सपाटीवर काटा मधोमध. मुंबईहून परतीचा माल भरून कसाऱ्याचा घाट चढायला लागलो की तो लाल पट्ट्याकडे सरकायचा आणि इगतपुरीला सपाट रस्ता लागला की हळूहळू परत यायचा. म्हणजे पाणी फिरत होतं, पंखाही चालत होता. उष्णता वाहून न्यायची ताकद मात्र ऐन गरजेला कमी पडत होती.

चढावर इंजिनाची दुहेरी कोंडी होते. डिझेल पूर्ण जळत असतं. त्यातली ढोबळमानानं एक तृतीयांश ऊर्जा कामी येते, तेवढीच धुरातून जाते, आणि उरलेल्यातला मोठा वाटा पाण्याला उचलावा लागतो. त्याच वेळी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रांगत असते, त्यामुळे समोरून येणारा वारा जवळपास नसतोच. इगतपुरी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे. तिथे उघड्या भांड्यातलं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. रेडिएटरच्या झाकणाची स्प्रिंग आत साधारण एक बार जादा दाब धरून ठेवते, म्हणून तेच पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही. तापलेल्या गाडीचं झाकण गोणपाट टाकून फिरवणारे ड्रायव्हर मी पाहिले आहेत. झाकण सैल होताच दाब जातो आणि आतल्या पाण्याची त्याच क्षणी वाफ होऊन ती तोंडावर येते. कुणी कितीही घाईत असो, मी त्याचा हात धरतो. अर्धा तास थांबल्यानं कुठलाही माल नासत नाही.

या अर्ध्या तासातच हौशी माणसाचं बळ आहे, असं मला मनापासून वाटतं. गॅरेजच्या मिस्त्रीला संध्याकाळपर्यंत गाडी रस्त्यावर लावून द्यायची असते, मागे अजून चार उभ्या असतात. म्हणून तो अनुभवानं सर्वांत संभवनीय पार्ट बदलतो, आणि बहुतेक वेळा बरोबर ठरतो. मला धातू थंड होईपर्यंत बसता येतं आणि एका वेळी एकच गोष्ट तपासता येते. आधी फुकटाच्या, मग स्वस्त आणि शेवटी महागड्या, असा क्रम मी ठेवतो.

झाकणाचं रबर शाबूत होतं. बेल्टवर भेगा नव्हत्या, ताणही ठीक होता. पंपाच्या खालच्या अंगाला एक बारीक भोक असतं, आतलं सील गेलं की तिथून पाणी ठिबकतं. ते कोरडं होतं. मग खालचा होस पाईप. याच्याकडे फार कमी लोक बघतात. पंप याच पाईपातून पाणी ओढतो, आणि रबर मऊ पडलं असेल तर इंजिनाचा वेग वाढताच पाईप चपटा होऊन स्वतःच वाट बंद करतो. गाडी उभी केली की तो पुन्हा गोल होतो, त्यामुळे उभ्या गाडीत दोष दिसत नाही. एकाला अ‍ॅक्सिलरेटर दाबायला सांगून मी पाईपवर नजर ठेवली. तो तसाच टणक राहिला.

आता भीती हेड गॅस्केटची होती, कारण त्यात खर्च मोठा. ऑइलची पट्टी काढून पाहिली. पाणी मिसळलं की ऑइल दुधाळ होतं. हे काळंच होतं. मग थंड इंजिनाचं झाकण काढून गाडी सुरू केली आणि रेडिएटरच्या तोंडात पाहत राहिलो. गॅस्केट फुटलं असेल तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतो आणि बुडबुडे थांबतच नाहीत. सुरुवातीचे दोन-चार अडकलेल्या हवेचे असतात, त्यांना घाबरायचं नाही. नंतर पाणी शांत राहिलं आणि माझाही जीव भांड्यात पडला.

उरला रेडिएटर. जाळी बाहेरून मी आधीच धुतली होती, म्हणून गाडी भरपूर पळवून आणली आणि बंदुकीसारख्या दिसणाऱ्या इन्फ्रारेड थर्मामीटरनं जाळीचा एकेक चौकोन मोजला. चकाकत्या धातूवर हे यंत्र खोटं सांगतं. काळ्या रंगाच्या जाळीवर भरवसा ठेवता येतो. वरची टाकी ८८ अंश, मधल्या नळ्या सत्तरच्या घरात, आणि डाव्या बाजूचा एक अख्खा पट्टा जेमतेम कोमट. त्या नळ्यांतून पाणी जातच नव्हतं. सपाटीवर उरलेल्या नळ्या भार उचलत होत्या, घाटात त्या पुऱ्या पडत नव्हत्या.

या जाळीबद्दल मला आदर आहे. १९०१च्या मर्सिडीज ३५ एचपी गाडीसाठी विल्हेल्म मायबाख यांनी पोळ्याच्या घडणीचा रेडिएटर केला. त्यात ६ मिलिमीटर बाजूच्या ८,०७० चौकोनी नळ्या होत्या. पृष्ठभाग एवढा वाढला की अवघ्या ९ लिटर पाण्यावर भागलं. थोडं पाणी आणि पुष्कळ पातळ भिंती, हाच हिशेब आजच्या ट्रकमध्येही आहे. भिंतीवर थर बसला की तो बिघडतो.

ट्रकमधलं पाणी मी बादलीत काढून झाकून ठेवलं. कूलंटमधलं ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. कुत्रं किंवा वासरू ते चाटायला येतं. रेडिएटर नाशिकला एका कारागिराकडे नेला. त्यानं ज्योतीनं डाक सोडवून वरची टाकी उचलली. डाव्या बाजूच्या नळ्यांची तोंडं पांढऱ्या थरानं बुजली होती.

“दादा, पाणी बोअरचं घालता का?”

“आधीचे मालक घालायचे.”

“मग हेच होणार.”

बोअरच्या पाण्यात कॅल्शियमचं बायकार्बोनेट विरघळलेलं असतं. तापलं की त्याचं कार्बोनेट होऊन ते भिंतीला धरतं. कारागिरानं पातळ चपटी पट्टी एकेका नळीतून वरखाली फिरवली. इतक्या संयमाचं काम मी क्वचितच पाहिलं आहे. जोर जास्त झाला तर नळी फाटते, कमी झाला तर थर तसाच राहतो.

घरी मी इंजिनाच्या ब्लॉकचा ड्रेन प्लग काढला. काहीच आलं नाही. तारेनं टोचल्यावर तांबडा गाळ सुटला. थर्मोस्टॅट काढून पाणी उलट दिशेनं सोडलं आणि ते निवळ येईपर्यंत चालू ठेवलं.

त्या काळात ‘थर्मोस्टॅटचा व्हॉल्व्ह परत बसवूच नका’ असा सल्ला मला अनेकांनी आपुलकीनं दिला. मी तो मानत नाही. व्हॉल्व्ह नसेल तर इंजिन वेळेत तापत नाही, डिझेल जास्त जातं आणि सिलिंडर लवकर झिजतात. शिवाय काही इंजिनांत हाच व्हॉल्व्ह उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला तर गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात येतं, आणि घाटात गाडी उलट जास्त तापते. म्हणून मी तो दोऱ्यानं पातेल्यातल्या पाण्यात, तळाला टेकणार नाही असा टांगला. त्यावर ८२ कोरलेलं होतं. थर्मामीटर ८२च्या पुढे सरकल्यावर तो उघडायला लागला. हवा जाण्याचं बारीक छिद्र वर ठेवून तो परत बसवला.

डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं निम्मं भरलं. झाकण उघडं ठेवून इंजिन आयडलवर चालवलं. थर्मोस्टॅट उघडताच पातळी एकदम खाली गेली, तेवढं पुन्हा भरलं आणि झाकण लावलं.

मग परतीच्या मालासह कसारा. काटा मध्याच्या किंचित वर गेला आणि माथ्यापर्यंत तिथेच राहिला. दुसऱ्या सकाळी थंड इंजिनात पातळी बोटभर उतरलेली होती, कुठेतरी अडकलेली हवा निघाली होती. तेवढं भरलं. पुढच्या फेरीनंतर पातळी जागेवर होती.