शाळेचें वय, कॉलेजचा अभ्यास

वयानें लहान पण बुद्धीनें पुढें धांवणारें मूल ज्या घरीं असतें, त्या घरांत आनंद आणि चिंता यांचा मुक्काम एकत्रच असतो. शाळेचें पुस्तक जूनमध्यें हातीं यावें आणि दिवाळीपूर्वींच वाचून संपावें. मग पुढें काय? पूर्वीं अशा मुलाला थोरल्या भावाचीं पुस्तकें मिळत, किंवा एखादे गुरुजी चार कठीण उदाहरणें घालून त्याची भूक भागवीत. आज त्याच मुलापुढें जगांतील नामांकित विद्यापीठांचीं व्याख्यानें घरबसल्या उघडीं आहेत. शाळेंत असतांनाच महाविद्यालयीन अभ्यासक्रम पुरा करण्याची ही सोय कोणाच्या हिताची आणि कोणाच्या नव्हे, याचा शांतपणें विचार करणें हें प्रत्येक सुजाण पालकाचें कर्तव्य आहे.

ह्या पद्धतीचा मोठा प्रसार झाला तो अमेरिकेंत. तेथें ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’ नांवाची योजना कॉलेज बोर्ड ह्या संस्थेनें १९५५ मध्यें आपल्या हातीं घेतली. हायस्कुलांतील विद्यार्थ्यानें आपल्याच शाळेंत, आपल्याच शिक्षकांपाशीं, कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा विषय शिकावा आणि मे महिन्यांत त्याची परीक्षा द्यावी, अशी ही व्यवस्था आहे. परीक्षेचे गुण १ ते ५ असे असतात. ३ किंवा त्याहून अधिक गुण मिळाल्यास पुष्कळ विद्यापीठें त्या विषयाचे श्रेयांक देतात, आणि त्यामुळें कधीं कधीं कॉलेजच्या खर्चांतहि बचत होते. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना ‘ए. पी.’ हीं दोन अक्षरें चांगलींच परिचित आहेत. मात्र सगळींच विद्यापीठें सारखीं उदार नाहींत. डार्टमथ कॉलेजनें २०१८ च्या पदवीधर तुकडीपासून असे श्रेयांक देण्याचें बंद केलें. उत्तम गुण असल्यास वरच्या वर्गांत बसण्याची मुभा तेवढी ठेविली.

दुसरी वाट ‘ड्युअल एन्रोलमेंट’ची. विद्यार्थी शाळेंत नांव ठेवून एखादा विषय जवळच्या कम्युनिटी कॉलेजचा घेतो. येथें लक्षांत ठेवावयाचें तें असें कीं, त्या विषयांतील श्रेणी कॉलेजच्या कायमच्या गुणपत्रकांत नोंदली जाते. सोळाव्या वर्षीं उतावळेपणानें घेतलेल्या विषयांत हलकी श्रेणी पडली, तर ती पुढें उच्च शिक्षणाचा अर्ज करतांनाहि समोर येऊन उभी राहते.

तिसरी वाट सर्वांत स्वस्त, आणि म्हणूनच सर्वांत फसवी. २०१२ मध्यें हार्वर्ड आणि एम. आय. टी. यांनीं ‘एडएक्स’ ही संस्था काढली. एम. आय. टी. नें त्याच वर्षीं विजेचीं मंडलें व इलेक्ट्रॉनिक्स ह्या विषयाचा अभ्यासक्रम इंटरनेटवर सर्वांना विनामूल्य खुला केला. १,५४,७६३ लोकांनीं नांवें नोंदविलीं. प्रमाणपत्रापर्यंत पोंचले ७,१५७. म्हणजे शंभरांत पांचहि नाहींत! त्यांत मंगोलियाच्या उलानबाटर शहरांतील बात्तुशिग हा पंधरा वर्षांचा मुलगा होता. त्यानें पैकींच्या पैकीं गुण मिळविले आणि पुढें तो एम. आय. टी. मध्येंच शिकावयास गेला. वृत्तपत्रांनीं त्याचें योग्य तें कौतुक केलें. परंतु त्याच्या शाळेचे मुख्याध्यापक स्वतः एम. आय. टी. चे पदवीधर होते. त्यांनींच हा अभ्यासक्रम शाळेंत आणला आणि मुलांना प्रत्यक्ष प्रयोग शिकविण्यासाठीं जाणता इंजिनिअरहि मिळवून दिला, ही गोष्ट वाचकांनीं विसरूं नये. यंत्राच्या पाठीशीं माणूस होता.

आपल्या देशांतहि आय. आय. टी. व बंगळूरची विज्ञानसंस्था यांच्या ‘एन्‌पीटेल’ योजनेंतील व्याख्यानें कोणासहि विनामूल्य ऐकतां येतात. २०१७ पासून सरकारच्या ‘स्वयम्’वर अनेक विषयांची भर पडली आहे, शिकण्यास मूल्य नाहीं, प्रमाणपत्राच्या परीक्षेस मात्र शुल्क पडतें. तथापि असें प्रमाणपत्र मिळविल्यानें जे. ई. ई., नीट किंवा सी. ई. टी. यांच्या गुणांत एकाचीहि भर पडत नाहीं. तेव्हां लाभ काय तो ज्ञानाचा, आणि तो थोडा नव्हे. पण बारावीच्या वर्षांत त्यासाठीं किती वेळ द्यावा, हें आधींच ठरवावें लागतें.

ह्या प्रश्नाचें गांभीर्य ज्यांना पटत नसेल, त्यांनीं श्रीनिवास रामानुजन् यांचें चरित्र आठवावें. शाळकरी वयांतच, १९०३ च्या सुमारास, कार नांवाच्या इंग्रज लेखकाचा गणितसंग्रह त्यांच्या हातीं आला. त्या ग्रंथानें त्यांना वेड लावलें. १९०४ मध्यें शिष्यवृत्ति मिळवून ते कुंभकोणमच्या कॉलेजांत गेले. पण गणितावांचून दुसऱ्या विषयांकडे लक्षच लागेना. इंग्रजींत नापास झाले, शिष्यवृत्ति गेली, आणि एफ. ए. ची परीक्षा त्यांना कधींच उत्तीर्ण होतां आली नाहीं. तो ग्रंथ त्यांच्या हातीं पडावयास नको होता, असें कोण म्हणेल? त्याच ग्रंथानें त्यांची प्रतिभा जागी केली. उणीव होती ती दोन्ही पारडीं सांभाळून धरणाऱ्या वडीलधाऱ्या हाताची.

तो हात आईवडिलांचा असूं शकतो. त्यासाठीं त्यांना कलनशास्त्र येण्याची गरज नाहीं. मुलानें विषय मागितला, तर प्रथम पाहावें कीं, शाळेंतील त्याच विषयाचा पाया पक्का आहे काय. एका वेळीं एकच अभ्यासक्रम घेऊं द्यावा. शंका कोणास विचारावयाच्या, तो शिक्षक वा जाणता आप्त आधीं शोधून ठेवावा. चार आठवड्यांनंतर ओझें झाल्यास निमूटपणें सोडण्याची मोकळीक असावी, आणि त्याबद्दल घरांत टोमणा नसावा. मुलास दिलेली संधि मुलीस नाकारूं नये, हें वेगळें सांगण्याचें कारण नाहीं. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, ही इच्छा मुलाची कीं आपली, हें मनाशीं प्रामाणिकपणें तपासावें. शेजारच्या घरीं प्रमाणपत्र आलें म्हणून आपल्या मुलाची झोंप मोडणें, ही विद्येची उपासना नव्हे.

ज्या मुलाला खरी तहान आहे, त्याला अडवूं नये. आणि ज्याला नाहीं, त्याच्या वांट्याचें खेळाचें मैदान ह्या नव्या सोयीच्या नांवाखालीं हिरावून घेऊं नये. कॉलेज दोन वर्षांनीं येणारच आहे. शाळेचीं हीं वर्षें मात्र पुन्हां यावयाचीं नाहींत.